जुन्या मोटारींच्या विक्रेतेमहोदयांस जाहीर आभारपत्र

प्रति,
वापरलेल्या मोटारींचे समस्त विक्रेतेमहोदय,
मुंबई उपनगर जिल्हा



विलेपार्ले येथील ज्या कुटुंबांनी महोदयांकडून जुनी गाडी घेतली, त्यांच्या वतीने हे पत्र आभारासाठी लिहिले जात असून, त्यात कोठे तक्रारीचा सूर लागल्यास तो ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 चा समजावा. गाडी विकताना महोदय ज्या सढळ वाणीने तिचे गुणगान करतात, ते गुणगानच पुढे ग्राहकाच्या कामी येते, हे आभाराचे मुख्य कारण होय. या अधिनियमातील ‘दोष’ या संज्ञेत कायद्याने किंवा कराराने अपेक्षिलेल्या दर्जातील उणीव तर येतेच, परंतु व्यापाऱ्याने स्वतः मालाविषयी जो दावा केला असेल, त्या दाव्याच्या मानाने पडणारी उणीवही येते. तेव्हा ‘सिंगल ओनर’, ‘डॉक्टरांनी वापरलेली’, ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’, ‘एकदम टाइट कंडिशन’ ही विशेषणे महोदयांनी स्वखुशीने घालून दिलेली मोजपट्टीच ठरतात.

न्यायाची बाजू महोदयांकडेही थोडी आहे, हे मान्य करणे भाग आहे. दहा वर्षे रस्त्यावर धावलेल्या गाडीचा क्लच झिजला किंवा बॅटरीने मान टाकली, तर ती वयाची खूण असते आणि तेवढ्यावर गाडी परत करता येत नाही. माल विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 चा पायाच मुळी ‘ग्राहकाने सावध राहावे’ हा असून, मालाची तपासणी केलेल्या ग्राहकाला त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल नंतर कुरकुर करता येत नाही. मात्र त्याच कलमात या तत्त्वाचे अपवादही आहेत आणि मुद्दाम झाकलेला दोष साध्या नजरेला दिसायला हवा होता, असे म्हणणे कोणत्याही कलमाला पेलणारे नाही.

झाकण्याच्या या कलेस पार्ल्याच्या आसपास निसर्गाचेही साहाय्य लाभते. 26 जुलै 2005 रोजी शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिलन सबवे तर त्याहून कितीतरी कमी पावसातही भरतो. अशा पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून, आत सुगंधी बाटली टांगून उभी केली की ती नवरीसारखी दिसते. तथापि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला असता त्याच्या तळाच्या वितीवर गाळाची तपकिरी रेघ सापडते आणि आसनाखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आढळतात. मीटर मागे फिरवलेल्या गाडीचेही तसेच. पडद्यावर अडतीस हजार किलोमीटर झळकत असताना ब्रेकच्या पेडलचे रबर मात्र गुळगुळीत झालेले असते आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतला जुना आकडा या दोहोंतले खरे कोण ते सांगतो.

अशी गाडी परत नेली असता महोदय पावतीवरील ‘एकदा विकलेली गाडी परत घेतली जाणार नाही’ या शिक्क्याकडे बोट दाखवतात. त्या शिक्क्याची शाई उत्तम असते, परंतु सदोष माल परत घेऊन पावतीत नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 2(47) नुसार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. पावतीच न देणे हीही त्याच कलमात मोडते, हे जाता जाता नमूद करावे लागेल.

यानंतर महोदयांचे ठेवणीतले उत्तर येते, ते असे की, ‘आम्ही केवळ मध्यस्थ, विकणारा मूळ मालक.’ या नम्रतेची सोय 1 एप्रिल 2023 पासून बरीच आटली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे आरटीओकडून, प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना विहित नमुन्यात नोंदवली की, पुढे विकली जाईपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. प्राधिकारपत्र भिंतीवर आहे काय, हा प्रश्न पार्लेकर चहाच्या आधी विचारू लागले आहेत. त्यात उद्धटपणा मानू नये.

वाद मिटला नाही, तर वांद्र्याचा जिल्हा ग्राहक आयोग फार दूर नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते, वकील लागतोच असे नाही, दोन वर्षांची मुदत असते, मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नसते आणि गरज पडल्यास आयोग गाडीची तज्ज्ञ तपासणी करवून दुरुस्तीचा, बदलून देण्याचा वा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि महोदयांचा खरा भरवसा कायद्यापेक्षा या तारखांवरच आहे. परंतु पार्ले हे मुंबई ग्राहक पंचायतीच्या ग्राहक भवनाचे उपनगर आहे. 1975 साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने घरोघरच्या सभासदांना महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करायला आणि त्याचा हिशेब मागायला शिकवले. तूरडाळीचे वजन पडताळणाऱ्या घराला तारखांचा कंटाळा लवकर येत नाही.

म्हणून विनंती अशी की, महोदयांनी स्तुतीत तिळमात्र काटकसर करू नये. फक्त ती दुकानाच्या लेटरहेडवर, मीटरचा आकडा, अपघात व विम्याच्या दाव्यांचा तपशील आणि सहीशिक्क्यासह द्यावी.

कळावे.

वापरलेल्या मोटारींचे ग्राहक,
विलेपार्ले (पूर्व व पश्चिम)

ता. क. : व्यवहारातील काही रक्कम रोखीने घेऊन पावतीवर कमी आकडा लिहिण्याची महोदयांची सूचना साभार परत करण्यात येत आहे, कारण जी रक्कम दिल्याचे सिद्ध करता येत नाही, ती परत मिळवून देणे आयोगालाही अवघड जाते.