त्याला जेवाला कोन घालतं?

भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात बाहेरून काय येत नाही, असं कुणी विचारलं तर चटकन उत्तर सुचत नाही. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून काल्हेर मागे टाकलं की दोन्ही अंगांना गोदामं सुरू होतात. आमच्या आधीच्या पिढीने जिथे भाताची लावणी केली, तिथे आता पत्र्याच्या छपराखाली जगभरचा माल चार दिवस मुक्कामाला असतो. पंखे, मिक्सर, बूट, औषधं, तान्ह्या बाळांचे लंगोट, म्हाताऱ्यांचे गुडघेपट्टे. मालाचं एक बरं असतं. खोक्यावर बाण छापलेला असतो, म्हणजे ही बाजू वर. छत्री असते, म्हणजे भिजवू नका. नाजूक पेल्याचं चित्र असतं, म्हणजे आपटू नका. हमाल बलियाचा असो की नांदेडचा, वाचता येवो न येवो, त्याला एवढं बरोबर कळतं. (कळूनही आपटतो, तो भाग वेगळा.)

माणूस परमुलखात उतरतो तेव्हा त्याच्यावर असं काही छापलेलं नसतं. ही बाजू वर ठेवा, याला थंडी सोसत नाही, हा रात्री आईची आठवण काढून रडतो, वगैरे. त्यातून तो खेळाडू असेल तर विचारूच नका. मोठी रक्कम मोजून आणलेला, म्हणून पहिल्याच दिवशी चालू झाला पाहिजे, अशी सगळ्यांची अपेक्षा.

अशा परमुलखात गेलेल्या खेळाडूंच्या गोष्टींचा नाद मला लागला तो बर्फावरच्या हॉकीमुळे. आता पूर्णा गावात बर्फ येतो तो मासळीच्या पेटीतून, आणि त्यावर घसरून पडणं हा खेळ नसून अपघात समजला जातो. पण उत्तर अमेरिकेत त्यावर अख्खी लीग चालते. एनएचएल तिचं नाव. एका मोसमात एकेका संघाला ऐंशीच्या वर सामने, आज माँट्रियल तर परवा व्हँकुव्हर. युरोपातून तिकडे गेलेल्या खेळाडूची पहिली फजिती होते ती मैदानाच्या मापात. युरोपातलं जुनं माप ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद. एनएचएलचं २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. लांबी जवळपास तीच, पण रुंदीत १३ फुटांची काटछाट. वाचताना हे काहीच वाटत नाही. पण ज्याचे पाय लहानपणापासून त्या जास्तीच्या तेरा फुटांत वळायला शिकलेत, तो वळायला जातो आणि तिथे भिंत असते. भिंतीच्या आधी बहुधा एक दांडगा कॅनेडियन असतो. कोपऱ्यात चकतीमागे (या खेळात चेंडूऐवजी चकती असते) गेलेल्या माणसाला भिंतीवर चेपणं हे तिथे नियमात बसतं, आणि प्रेक्षक त्यासाठीच तिकीट काढतात की काय, अशी शंका येण्याइतपत टाळ्या पडतात.

१९७३ साली स्वीडनहून बोर्ये साल्मिंग आणि इंगे हामारस्ट्रोम टोरंटोच्या संघात आले. साल्मिंग किरुना या अगदी उत्तरेकडच्या खाणकामगारांच्या गावचा. स्वीडिश म्हणजे भित्रे, हे तिकडे आधीच ठरलेलं होतं. खेळ बघायचीही गरज नव्हती. प्रतिस्पर्धी काठीने हाणायचे, ठोसे लगावायचे, आणि हा उलट मारामारी करत नाही म्हणून पुन्हा हाच भित्रा. हामारस्ट्रोमबद्दल तर टोरंटो संघाच्या खुद्द मालकानेच चेष्टा केली होती की, खिशात अंडी घालून त्याला कोपऱ्यात पाठवलं तर एकही फुटायचं नाही. ज्याने आणला त्यानेच असं म्हटल्यावर बाकीच्यांना काय बोल लावायचा! साल्मिंग मात्र मार खात टोरंटोत १६ मोसम टिकला. १९७६ मध्ये कॅनडा कप स्पर्धेसाठी तो स्वीडनच्या पोशाखात टोरंटोच्या मैदानात उतरला, तेव्हा तिथले लोक परक्या संघातल्या या माणसासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. तीन वर्षांत लोक इतके बदलले, हे तसं लवकरच म्हणायचं. आमच्या शेजारच्या सूनबाईंना पंधरा लागली.

अलेक्झांडर मोगिल्नीची तऱ्हा आणखी न्यारी. १९८९ साली हा सोव्हिएत संघाबरोबर स्टॉकहोमला आला आणि तिथून थेट अमेरिकेला निसटला, बफेलोच्या संघात. एवढं मोठं धाडस करणारा पोरगा पुढे विमानात बसायला घाबरू लागला. आणि लीग अशी की विमानाशिवाय सामन्याला पोचताच येत नाही. भीती घेऊनच तो खेळला आणि १९९२-९३ च्या मोसमात त्याने ७६ गोल केले.

पण मला खरी आवडते ती यारोमीर यागरची गोष्ट. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे कबड्डीचे रात्रीचे सामने होते तेव्हा मी ती मैदानाच्या कडेला बसून सांगत होतो. तांबडी माती पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेली, हॅलोजनचे दिवे लागलेले, आणि पाहुणा संघ नेहमीप्रमाणे वाहतूक कोंडीत अडकलेला. वेळ भरपूर होता. म्हटलं, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात क्लाद्नो नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव होतं. तिथला १८ वर्षांचा पोरगा १९९० साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या संघाने निवडला. अख्ख्या निवडीत पाचवा क्रमांक! उंचापुरा, मानेवर रुळणारे केस, अंगात अशी कला की लोक बघत राहावेत. पाठीवर ६८ क्रमांक, कारण १९६८ साली त्याच्या देशात रशियन रणगाडे घुसले होते. इंग्रजी जेमतेम.

आमच्या गल्लीतले नाना शेजारी बसले होते. तरुणपणी नानांनी पकड केली की चढाईवाला दुसऱ्या दिवशी कामावर जात नसे, अशी ख्याती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “ते सगलं खरं. पन त्याला जेवाला कोन घालतं?”

किती गोल केले, पैसे किती मिळाले, यातलं काही नाही. थेट जेवण. आणि गंमत म्हणजे यागरच्या बाबतीत हाच प्रश्न कळीचा होता. पिट्सबर्गमध्ये त्याच्या राहण्याची सोय एका चेक कुटुंबात केली होती, म्हणजे घरी भाषा होती, ताटात ओळखीचं अन्न होतं. पण संघात, प्रवासात, कपडे बदलायच्या खोलीत बोलायला कुणी नाही. बाकीचे हसले की हसायचं, उठले की उठायचं. पोरगा कोमेजला. मग १३ डिसेंबर १९९० रोजी पिट्सबर्गने कॅल्गरीच्या संघाकडून यिरी हर्दिना नावाचा खेळाडू घेतला. वय ३२, म्हणजे त्या खेळात संध्याकाळच. हर्दिना चेक होता. खेळायचाही बरा, पण त्याला आणण्यामागे यागरला सोबत मिळावी हा हेतू होता आणि तो कुणी लपवलाही नाही. बदल्यात आपला एक खेळाडू कॅल्गरीला देऊन टाकला. पुढच्या मे महिन्यात पिट्सबर्गने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, १९९२ मध्ये पुन्हा जिंकला, आणि त्यानंतर हर्दिना निवृत्त झाला. यागरचे एनएचएलमध्ये शेवटी १,९२१ गुण झाले, वेन ग्रेट्झ्की सोडला तर सगळ्यांहून जास्त.

नानांनी मान डोलावली. “शाना मालक,” म्हणाले. नानांकडून मालक मंडळींना इतकी मोठी पावती सहसा मिळत नाही.

तो शहाणपणा आपल्याकडे कितीसा आहे? आपल्याकडेही आता लीग आहे. २६ जुलै २०१४ ला वरळीत प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ गादीवर गेला. त्या वेळी आमच्या ठाणे-रायगडच्या पोरांचीच तारांबळ उडाली. अनवाणी खेळणारे बूट घालू लागले. मातीत पाय रुतवून मारलेली उडी गादीवर वेगळीच निघते, वळताना गुडघा कुरकुरतो. ३० सेकंदांत चढाई संपवा, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’, वर झगझगीत दिवे आणि गाणी. स्वतःच्या खेळात परका होण्याची ही वेळ. तर इराण आणि कोरियाहून आलेल्यांचं काय झालं असेल!

कोरियाचा जांग कुन ली पहिल्या मोसमापासून बंगाल वॉरियर्सकडे होता. २०१६ च्या विश्वचषकात अहमदाबादला कोरियाने भारतालाच ३४-३२ असं हरवलं, त्यात हाच पुढे. आपलीच लीग, आपणच शिकवलं, आणि आपल्याच घरात. इराणचा फजल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबात आला आणि त्याच मोसमात मुंबईने विजेतेपद मिळवलं. डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा हा माणूस घोटा धरला की सोडत नाही. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यावर एक कोटी लावले, आणि कोटीची बोली मिळालेला प्रो कबड्डीचा तो पहिला खेळाडू ठरला. आता तो मुलाखती हिंदीत देतो. हिंदीतलं ‘का’ की ‘की’ त्याचं चुकतं, पण ते आपल्या भिवंडीकरांचं कुठे बरोबर येतं?

टीव्हीवर टाइम-आउटमध्ये प्रशिक्षकाचं बोलणं ऐकवतात, ते माझं आवडतं दृश्य. हरियाणवी वळणाची हिंदी, तीही रागातली, सगळे वाकून ऐकतायत. त्यात एखादा परदेशी खेळाडू असतो. तो सगळ्यांत जास्त मान हलवतो. त्यावरूनच ओळखावं की त्याला काही कळलेलं नाही. मग वेळ संपते, तो मैदानात जातो आणि त्याला जे येतं तेच करतो. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पुण्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. दोघांचं एकमेकांशी काय बोलणं व्हायचं देव जाणे, पण पकड करताना व्याकरण लागत नाही.

उलट दिशेचीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या माणसाची आहे. नाशिकच्या शैलजा जैन २०१७ मध्ये इराणच्या महिला कबड्डी संघाला शिकवायला गेल्या. वयाची साठी गाठलेली, खाणं शाकाहारी, त्यात डोक्यावर हिजाब सांभाळायचा, आणि समोरच्या मुलींना फारसीशिवाय दुसरं काही समजत नाही. बाई फारसी शिकल्या. मुलींना योग आणि प्राणायाम करायला लावला. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवलं. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात आपला २७-१८ असा निकाल लावला होता. त्या दोन दिवसांत आमच्या गावातल्या कट्ट्यावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पण नाशिकच्या बाईंचं नाव कळल्यावर जरा सूर बदलला. हरलो खरे, पण आपल्याच माणसाकडून, अशी सोयीस्कर समजूत काढता येते ती अशी.

शैलजाताईंना कुणी हर्दिना मिळाला नव्हता. असं जमणारे असतात, आणि त्यांचीच उदाहरणं आपण बाकीच्यांच्या तोंडावर फेकतो. त्यांना जमलं, तुला का नाही? हा प्रश्न मला क्रूर वाटतो. जे मोसमाच्या अर्ध्यातून सामान बांधून परत गेले, त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. त्यांना खेळता येत नव्हतं असं थोडंच आहे? कुणाला रात्री झोप लागत नव्हती, कुणाचं पोट बिघडलं होतं, कुणाला तिसऱ्या आठवड्यातही डावीकडच्या गड्याचं नाव नीट उच्चारता येत नव्हतं. आकडेवारीत याचे रकाने नसतात.

आमच्या गोदामांत हे गणित लिलावाशिवाय सुटलेलं आहे. नवा पोरगा उत्तर प्रदेशातून किंवा ओडिशातून येतो तो एकटा येतच नाही. कुणीतरी गाववाला आधीच इथे असतो. तो खोली दाखवतो, खाणावळ लावून देतो, कुठला मुकादम तापट आहे ते सांगतो, आणि पहिल्या पगाराआधी शे-दोनशे उसने देतो. भिवंडीच्या यंत्रमागांवर तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर असेच आले आणि इथलेच झाले. आठवडाभरात पोरगा खोकी उचलायला लागतो, महिन्याभरात त्याला मराठीतल्या शिव्या समजायला लागतात, दोन महिन्यांनी तो द्यायलाही लागतो. त्याच्यासाठी कुणी प्रशिक्षक नेमला नाही की शिबिर घेतलं नाही.

म्हणून कबड्डीच्या संघमालकांना माझी एक फुकटची सूचना आहे. लिलावाच्या यादीत अ, ब, क, ड असे गट असतात. त्याखाली आणखी एक गट घाला: सोबती. पात्रता एवढीच की पाहुण्याची भाषा थोडी यावी, न आली तरी तास-दोन तास त्याच्याजवळ गप्प बसता यावं, आणि सामना हरल्यावर त्याला जेवायला उठवता यावं. आमच्याकडून नानांचं नाव घ्या. फारसी येत नाही, हिंदीही बेताची, पण खेळ कळतो आणि माणूस उपाशी ठेवणार नाहीत. मानधन बोलून ठरवू. जेवण पूर्णा गावात आमच्या घरी. सोमवारी आणि गुरुवारी मासळी होत नाही, तेवढं मात्र इराणला आधी कळवून ठेवावं.