केसांचा रात्रबंदोबस्त

रात्री निजताना लाटा, सकाळी उठताना झिंज्या. मधल्या सात-आठ तासांत नेमकं काय घडलं याची चौकशी घरात कोणी करत नाही, कारण झिंज्या हेच तुमचं मूळ रूप आहे असा घरच्यांचा ठाम समज असतो. तेव्हा चौकशी आणि बंदोबस्त, दोन्ही स्वतःच करावं लागतं. त्यासाठी या सूचना.

आधी पात्रता. आपले केस खरोखर लाटदार आहेत की नुसतेच विंचरायचे राहिलेत, हे ठरवून घ्यावं. यात आईचा अभिप्राय ग्राह्य धरू नये. तिच्या लेखी केसांचे प्रकार दोनच : चापूनचोपून बसवलेले आणि अवतार. पार्लरवालीलाही विचारू नये. तिचं ‘स्मूदनिंग करून घ्या ना मॅडम’ हे उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असतं. ओप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात केसांची प्रतवारी लावून दिली आहे. १ म्हणजे सरळ, २ लाटदार, ३ कुरळे आणि ४ अगदी बारीक, दाट वळ्यांचे. लाटदारांत पुन्हा ए, बी, सी. आपण २-बीमध्ये मोडतो हे कळल्यावर समाधान वाटतं, पण ते हळदीकुंकवाला सांगू नये. ‘कुठल्या विंगमध्ये?’ असा प्रश्न येतो.

आता आरोपी. तो रोज तुमच्या डोक्याखाली असतो. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, घराच्या छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक, मुळाकडून टोकाकडे उतरते. म्हणून गळालेला एखादा केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोट सरकवलं तर ते सुळकन जातं, उलटं सरकवलं तर अडखळतं. (विश्वास बसत नसेल त्यांनी लगेच करून बघावं, केस शोधायला लांब जावं लागणार नाही, आमटीतही मिळतो.) रात्री कूस बदलली की डोक्याच्या वजनाखाली सापडलेले केस सुती अभ्र्यावर उलटसुलट घासले जातात. खवले उचकटतात, एकमेकांत अडकतात, त्यातून गुंता होतो आणि सकाळी तो गुंता सोडवताना केस तुटतात. सरळ केस निदान शेजारी शेजारी पडून राहतात. लाटदार केसांत तेवढीही एकी नसते.

तर अभ्रा बदलावा. इथे बाजारात दोन शब्द ऐकू येतात, सिल्क आणि सॅटिन, आणि दुकानदार ते एकाच दमात उच्चारतो. सिल्क हा धागा आहे, सॅटिन ही वीण. सॅटिन रेशमाचंही असतं आणि पॉलिएस्टरचंही. शेकड्यांत मिळतं ते दुसरं. केसांना फसवायला तेही चालतं, कारण मुद्दा गुळगुळीतपणाचा आहे, खानदानाचा नाही. कपाटातल्या रेशमाकडे मात्र वाकडी नजर टाकू नये. पैठणीची जर कुठल्याही सुती अभ्र्यापेक्षा जास्त ओरखडे काढेल, आणि तिला कात्री लागल्याचं कळताच माहेरहून जो फोन येईल त्यानंतर झोपेचाच प्रश्न उरणार नाही. सगळ्यात उत्तम माल म्हणजे जुना साटीनचा परकर. एका परकरात दोन अभ्रे आरामात निघतात. शिवताना नाडी काढायला विसरू नये. एक गैरसोय आधीच सांगितलेली बरी : साटीनवर डोकं ठरतं, पण साटीनची उशी गादीवर ठरत नाही. ती पहाटे पलंगाच्या फटीत सापडते.

पुढचा मुद्दा ओलाव्याचा आणि इथे हयगय नको. केस भिजला की त्यातल्या केराटिनचे हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असेल त्याच आकारात, पुन्हा जुळतात. म्हणजे ओल्या केसांनी डाव्या कुशीवर झोपलात तर सकाळी डावी बाजू इस्त्री केल्यासारखी चपटी आणि उजवी बाजू आंदोलनाला बसलेली. शिवाय ओला केस ताणला की बराच लांबतो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो. तेव्हा रात्री दहाला न्हायचा मोह टाळावा, पाणी सकाळी येत नसलं तरी.

पावसाळ्यात अर्थात न न्हाताही केस ओले असतात. हा तुमचा दोष नाही, ही त्यांची लायकी आहे. १७८३ साली ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकावर ग्रंथ लिहिला. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो; पार कोरड्यापासून पार दमटापर्यंत फरक साधारण दोन ते अडीच टक्के. वेधशाळांनी हे यंत्र पुढे वर्षानुवर्षं वापरलं. जुलैत डोंबिवलीत राहणाऱ्या बाईच्या डोक्यावर अशी लाखभर यंत्रं एकाच वेळी काम करत असतात आणि घरातले म्हणतात, ‘जरा विंचर की!’ कोरड्या लाटांवर कंगवा चालवू नये. विंचरायचंच तर निजण्याआधी, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून.

मग बांधणं. आंतरजालावरच्या तज्ज्ञ मुली ‘अननस’ सुचवतात : सगळे केस टाळूवर गोळा करून सैल बांधायचे, म्हणजे ते उशीखाली येतच नाहीत. दाट कुरळ्यांना हे शोभतं. खांद्यापर्यंतच्या लाटांना मात्र मागचे केस निसटतात, पुढच्यांना बांधल्या जागी घडी पडते, आणि सकाळी दार उघडल्यावर कचरा न्यायला आलेला मुलगा दोन पावलं मागे सरतो. सासूबाई ‘जावळ काढायचं राहिलं वाटतं’ म्हणतात ते वेगळंच. त्यापेक्षा एक सैल वेणी घालावी. सैल म्हणजे सैल. शाळेत लाल रिबिनीने वर बांधलेल्या, डोळे ताणले जाईस्तोवर आवळलेल्या वेण्या नव्हेत. रोजच्या रोज असं ओढलं की कपाळावरची केसांची रेघ मागे सरकू लागते; त्वचारोगतज्ज्ञ त्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. टोकाला साटीनचं कापडी रबर लावावं, ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्याचं टेलर करून देतो. मिठाईच्या खोक्याचं रबर लावणाऱ्यांनी ही माहिती इथेच वाचायची थांबवावी.

तेलाबद्दल थोडक्यात. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर तपासून निष्कर्ष काढला की केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी होते. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. हीच कंपनी पॅराशूट विकते, हे ध्यानात असू द्यावं, पण रसायन चुकीचं नाही. चार थेंब, फक्त टोकांना. वाटीभर थापलंत तर लाटाही राहणार नाहीत आणि परकरही.

यावरही भागत नसेल तर टोपडं. साटीनची झोपायची टोपी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या आहेत आणि त्यांच्या केसांचा प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक, तेव्हा या बाबतीत अधिकार त्यांचाच. वेणी आत, इलॅस्टिक कपाळावर सैल. सकाळी टोपडं डोक्यावर सापडेलच असं नाही. आधी पायथ्याशी बघावं, मग नवऱ्याच्या पाठीखाली.

खरी कसोटी लग्नघरात. मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भाड्याच्या गाद्या, त्यांवरच्या चादरी अशा खरखरीत की पोळी लाटल्यास चिकटणार नाही, आणि एका ओळीत अकरा आत्या-मावश्या. आपला अभ्रा पर्समध्ये न्यावा. टोपडं दिवा मालवल्यावर घालावं. आधी घातल्यास ‘बाळंतीण कोण?’ अशी विचारणा होते. पहाटे पाचला ब्यूटिशियन येते आणि दोन यंत्रं २०० अंशांच्या आसपास तापत ठेवते. एकाने ती सरळ केसांच्या नणंदेला माणशी दराने लाटा पाडून देते. दुसरं तुमच्यासाठी असतं. तिने ‘बसा ना ताई, स्ट्रेट करून देते’ म्हणताच आंघोळीचा नंबर लागल्याचं सांगून उठावं, बाथरूमची कडी आतून लावावी, वेणी सोडावी, ओल्या हाताने केस मुठीत धरून हलकेच दाबावेत, आणि वरमाईने दार ठोठावलं तरी अक्षतांच्या वेळेपर्यंत बाहेर येऊ नये.