टूलोबा

हिंजवडीच्या फेज टूमध्ये एका टीमचं स्टँडअप रोज सकाळी सव्वादहाला भरतं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढं तीन वाक्यांत सांगून प्रत्येकाने मोकळं व्हायचं असतं. टूलोबाची पाळी आली की टीम लीड खुर्ची ओढून बसतो.

"काल मी कोड लिहायचा एडिटर बदलला," टूलोबा सांगतो. "आजपासून स्पीड वाढेल."

हे त्याने या वर्षात चौथ्यांदा सांगितलं आहे. हातातलं तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, मात्र पहिल्या वेळेपासून तेच आहे: रिपोर्टमधली तारीख अमेरिकी पद्धतीने दिसते, ती आपल्या पद्धतीने दिसावी. आधी दिवस, मग महिना. बस.

टूलोबा हे नाव टीमनेच ठेवलं. गावाच्या वेशीवर म्हसोबा असतो तसा प्रत्येक टीमच्या कडेला एक टूलोबा असतो, आणि नवं काही बाजारात आलं की पहिला नारळ त्याच्यापुढे फुटतो. आपला नमुना कराडचा. वय बत्तीस. पाठीवर सॅक, सॅकमध्ये सात वायरी, त्यातल्या तीन कशाच्या आहेत ते त्यालाही ठाऊक नाही. लॅपटॉपच्या झाकणावर इतके स्टिकर की कंपनीचा लोगो कुठे आहे हे कंपनीलाही सापडणार नाही. त्यात एक अ‍ॅटमचा आहे. हा एडिटर गिटहबने १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद केला. टूलोबाने स्टिकर काढला नाही. माजघरात आजोबांचा फोटो असतो तसा तो राहिला आहे. पुढे अ‍ॅटमच्या मूळ कर्त्यांनी झेड नावाचा नवा एडिटर काढला तेव्हा त्याने तो तातडीने बसवला. घराण्याशी जुने संबंध होते.

त्याआधी व्हिम या एडिटरचं पर्व झालं. व्हिमचा पूर्वज व्हीआय १९७६ चा, बिल जॉयने लिहिलेला. ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये व्हिम लोकांना दिला आणि २०२३ मध्ये जग सोडेपर्यंत तो सांभाळला. माउसला हात न लावता सगळं करायचं, ही त्यातली गंमत. टूलोबाला पहिल्या दिवशी त्यातून बाहेरच पडता येईना, तेव्हा त्याने लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. यात लाजण्यासारखं काही नाही. व्हिममधून बाहेर कसं पडायचं हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. पर्व तीन आठवडे टिकलं. मूलेनार यांनी व्हिम फुकट दिला होता, पण उघडताना पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी एक ओळ दिसते. तीन आठवडे रोज ती वाचून टूलोबाने शेवटी देणगी दिली. त्याच्या आजवरच्या सगळ्या प्रयोगांतून कुणाचं तरी नक्की भलं झालं असा हा एकमेव.

कीबोर्डची गोष्ट थोडक्यात सांगायची तर, मेकॅनिकल कीबोर्डच्या बटणांखाली रंगीत स्विच असतात. लाल मुकाट खाली जातो, तपकिरी बोटाला जाणवतो पण फारसा वाजत नाही, निळा टकटक वाजतो. टूलोबाने निळा घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्या मजल्यावर तालुक्याच्या गावातली टायपिंग इन्स्टिट्यूट भरल्याचा भास होऊ लागला, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीने जागा बदलून मागितली.

मन एकाग्र व्हावं म्हणून त्याने पोमोडोरोही केलं. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याने १९८०च्या दशकात स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून हे नाव पडलं. २५ मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. टूलोबाने यासाठी सहा अ‍ॅप तपासली, त्यांचा तक्ता केला, गुण दिले. दोन रविवार गेले. टोमॅटो एकही लागला नाही.

त्याला आळशी म्हणणं मात्र अन्याय होईल. बिल्ड झाल्यावर फोल्डर उघडायला रोज चार सेकंद जातात हे खटकून त्याने तीन शनिवार-रविवार खपून एक स्क्रिप्ट लिहिली. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर वाचतात हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आतबाहेर. एवढा वेळ वाकडच्या पुलाखाली एका सिग्नलला जातो. ते त्याला सांगितलं तर तो म्हणतो, "प्रश्न वेळेचा नाहीये." ते खरंच आहे. प्रश्न वेळेचा असता तर तो हिंजवडीत नोकरीला कशाला आला असता?

आणि त्याच्या बाजूने एक मोठा साक्षीदार आहे. डोनाल्ड क्नुथ हे संगणकशास्त्रातलं मोठं नाव. प्रोग्रॅमिंगवरचा त्यांचा ग्रंथ अनेक खंडांचा आहे. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली, ती त्यांना इतकी कुरूप दिसली की पुस्तक बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरच लिहायला बसले. थोडक्यात आटोपेल असा त्यांचा अंदाज होता. लागली दहाएक वर्षं. त्यातून टेक तयार झालं, आणि गणिताचे शोधनिबंध आजही त्याच्या आधाराने छापले जातात. त्याच्या आवृत्तीचा आकडा दर सुधारणेला गणितातल्या 'पाय' (π) या संख्येच्या किमतीजवळ एकेक घर सरकतो. टूलोबाला ही गोष्ट पाठ आहे. तिकिटाची आठवण करून दिली की तो क्नुथ काढतो. टीम लीडने एकदा शांतपणे विचारलं, "क्नुथचं पुस्तक कुठपर्यंत आलं?" चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ मध्ये आला, असं टूलोबाने प्रामाणिकपणे सांगितलं आणि मग त्याच्याच लक्षात आलं.

मागच्या वर्षी त्याने सगळी जुनी सिस्टिम पाडून नवी लिहू असा प्रस्ताव मांडला. मीटिंगमध्ये एक पन्नाशीचे सहकारी होते, कोथरूडचे. ते म्हणाले, "चांदणी चौकातला पूल आठवतो ना?" सगळ्यांना आठवत होता. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर ६०० किलो स्फोटकं लावून तो उडवला, सारं पुणं टीव्हीसमोर जागं, आणि धुरळा खाली बसल्यावर पाहावं तर पूल बराचसा जागच्या जागी. काँक्रीट गेलं, सळया राहिल्या. उरलेलं काम पोकलेननी केलं. "आपल्याही कोडमध्ये सळया आहेत," सहकारी म्हणाले. प्रस्ताव तिथेच बारगळला.

प्रवासाला निघताना त्याच्या बोटांना विशेष खाज सुटते. मे महिन्यात कुटुंबाला घेऊन गुहागरला जायचं ठरलं तेव्हा त्याने सहलीचा बोर्ड तयार केला: रकाने, रंग, कुणी कोणती बॅग घ्यायची. घरगुती राहण्याची जागा एका नव्या अ‍ॅपवरून बुक केली. ६/५ अशी तारीख टाकली. सहा मेच्या दुपारी माणसं, बॅगा आणि उलटी लागलेला मुलगा असे सगळे अंगणात उतरले, तेव्हा घरमालक काका सुपारी कातरत पडवीत बसले होते.

"तुमचं पाच जूनला आहे," काका म्हणाले.

"नाही हो, सहा मे."

"माझ्याकडे निरोप आलाय तो पाच जूनचा. मी म्हटलंही हिला, पावसात कशाला येतायत ही मंडळी?" काकांनी लाल वही पुढे केली. त्यात बॉलपेनाने 'जून ५, पुण्याचे, माणसे ४' असं लिहिलं होतं. अ‍ॅपने सहा हा महिना धरला होता. अमेरिकेत तसाच धरतात.

खोल्या भरलेल्या होत्या. काकूंनी पडवीत गाद्या घातल्या आणि जेवायला आमटी-भात वाढला. बायको रात्रभर काही बोलली नाही. सकाळी एवढंच म्हणाली, "ऑफिसात तुझ्याकडे तारखेचंच काम आहे ना?"

तेव्हापासून ते तिकीट त्याच्या जिव्हाळ्याचं झालं. आता त्याला नुसती तारीख उलटी करायची नव्हती, मानवजातीचा हा घोळ मिटवायचा होता. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या प्रमाणकानुसार आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्याने रिपोर्ट तसा केला. क्लायंटने परत पाठवला. मग एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, आणली. तिच्यासोबत आणखी दोनशे पाहुण्या लायब्रऱ्या आल्या, लग्नाला एकाला बोलवावं आणि अख्खी भावकी उतरावी तशा. अशा भावकीचा धोका त्याला ठाऊक नव्हता असं नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची चिमुकली लायब्ररी तिच्या कर्त्याने काढून घेतली, आणि जगभरातल्या किती तरी प्रकल्पांचे बिल्ड एका दुपारी कोसळले. ही गोष्ट टूलोबा नव्या मुलांना नेहमी सांगतो.

त्या रिपोर्टचा डेमो मुंबईत होता. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. टूलोबाचा हिशेब असा की तीन तास मिळतात, तिकीट संपवू. त्या आठवड्यात त्याने एआयवाला एडिटर घेतला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द काढला, म्हणजे कोडकडे न बघता यंत्राला नुसतं सांगत राहायचं, तेव्हापासून हे त्याच्या मनात होतं. लोणावळा सुटल्यावर त्याने यंत्राला मराठीतच सांगितलं: सगळ्या तारखा नीट कर. एवढ्यात बोगदा आला. पडद्यावर गोल फिरत राहिलं. उजेड, एक दरी, पुन्हा बोगदा. शेजारी एक पासधारक काका पॅन्ट्रीतलं ऑम्लेट खात होते. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "अडकलंय का? कर्जतपर्यंत काही होणार नाही. आम्ही घाटात फोन खिशात ठेवतो."

कर्जत ओलांडलं, नेटवर्क आलं, यंत्राला जाग आली आणि त्याने चौदा फायली बदलल्या. तारखा नीट झाल्या. त्यांच्याबरोबर अशा काही आकड्यांच्याही तारखा झाल्या ज्यांचा तारखेशी काही संबंध नव्हता. एका गोदामातल्या मालाची संख्या ४ ऑगस्ट झाली.

तेव्हा त्याला तारलं ते कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटने. लिनक्सवाल्या लिनस टॉर्वाल्ड्सने जुनं अवजार फुकट मिळेनासं झालं म्हणून एप्रिल २००५ मध्ये हे लिहायला घेतलं आणि काही दिवसांत चालतं केलं. टूलोबाने आयुष्यात न बदललेलं हे एकमेव अवजार. एका आज्ञेत चौदाही फायली पूर्ववत झाल्या. मग त्याने दादर यायच्या आत, साध्या एडिटरमध्ये, हाताने एक ओळ बदलली. चालली. डेमो झाला. क्लायंटने तारखेकडे पाहिलंही नाही. फॉन्ट जरा मोठा करता येईल का, एवढंच विचारलं.

त्या खुशीत तो शनिवारी कराडला गेला. आईसाठी त्याने गेल्या दिवाळीत दुधाच्या हिशेबाचं अ‍ॅप केलं होतं. आलेख, महिन्याची बेरीज, सगळं. आईने ते दोन दिवस वापरलं. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय होतं आणि त्याच्या चौकोनांत पेन्सिलीने कुठे '१', कुठे '३', कुठे फुली.

"सगळ्या दिवसांचं का नाही लिहिलं?" त्याने विचारलं.

"रोजचं दोन लिटर असतंय. कमी-जास्त झालं तरच लिहायचं. रोज काय लिहायचंय त्यात?"

टूलोबा गप्प झाला. त्याच्या अ‍ॅपमध्ये रोज नोंद करावी लागत होती.

"आणि पान उलटलं की मागं वाचायला असतंय," आई पीठ चाळता चाळता म्हणाली. "परवा त्यातलीच कोथिंबीर वडी केली. तुझ्या त्याच्यात मागं काय असतंय?"

रात्री साडेअकराला माजघरात लॅपटॉपचा उजेड होता. पाककृती ठेवायला कोणता डेटाबेस घ्यावा याचा तक्ता चालला होता. दोन पर्याय तर पक्के होते. तिसऱ्याचं नाव त्याला नुकतंच कळलं होतं.