दहापैकी सहा

कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं घर विकायला निघालंय, हे मला शेजारणीकडून कळलं आणि शेजारणीला तिच्या सासूबाईंकडून. सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आल्यात. इंग्रजी बेताचंच, पण सकाळी फिरून आल्या की आमच्या गल्लीची निम्मी खबर त्यांच्या पदरात असते. घरापुढे पाटी लागायच्या आधी त्यांना ठाऊक होतं.

"आता कशाला विकतायत? मागच्याच वर्षी स्वयंपाकघर नवीन केलं ना?" मी दोडके काढता काढता विचारलं. (गवार हरणांनी संपवली. दोडका कुंपणावर चढला म्हणून वाचला.)

"शाळेसाठी हो, ताई. आपली शाळा दहापैकी सहा. ते जातायत तिकडे पश्चिमेला, तिथली नऊ आहे म्हणे."

मेरिलँडमधल्या हॉवर्ड काउंटीत, आमच्या एलिकॉट सिटीत, दोन मराठी बायका भेटल्या की पाचव्या मिनिटाला हा आकडा निघतोच. घर दाखवणाऱ्या एजंटला शाळा चांगली आहे का विचारा, तो तोंड उघडणार नाही. घर घेताना भेदभाव होऊ नये म्हणून जे कायदे आहेत, त्यांचा धाक असतो. तो म्हणतो, वेबसाइट बघा. तिथे घराच्या फोटोखालीच शाळेचा आकडा छापलेला. ग्रेटस्कूल्स नावाच्या संस्थेचा, एक ते दहा. चार बेडरूम, अडीच बाथरूम आणि सहा.

शेजारणीच्या मुलाला पाच पूर्ण झालीत, यंदा केजीत जाणार. त्यामुळे तिच्याही पोटात गोळा. "आम्हीपण बघावं का हो पश्चिमेकडे? हप्ता जाईल दीडपट..."

तेवढ्यात सासूबाई चष्मा पुसत बाहेर आल्या. "सहा म्हणजे कशात सहा? तपासणी कुणी केली?"

सासूबाईंनी, म्हणजे माझ्या काकूंनी, एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली आहेत. तपासणी म्हटलं की त्यांचा आवाज बदलतो.

"शाळा आहे कुणाची? खाजगी?"

"नाही आई, पब्लिक. काउंटीची."

"काउंटी म्हणजे?"

"म्हणजे... जिल्हा."

"मग झेडपीची म्हण की!"

सून माझ्याकडे बघायला लागली. आता गणपतीत चार लोकांत सासूबाई हेच सांगणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. पण काकूंचं चुकलं कुठे? मेरिलँडात 23 काउंट्या आणि बाल्टिमोर शहर मिळून 24 शालेय जिल्हे. आमच्या काउंटीच्या प्राथमिक शाळाच चाळीसच्या वर. वर निवडून आलेलं शिक्षण मंडळ आणि त्यांनी नेमलेला सुपरिंटेंडंट, म्हणजे शिक्षणाधिकारी. मंडळाला स्वतः कर लावता येत नाही, दर वसंतात पैशासाठी काउंटीच्या दारात उभं राहायचं. हे ऐकून काकू खूश झाल्या. महाराष्ट्रात 1962 साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून हेच चाललंय म्हणाल्या.

मग त्यांनी मला धरलं. तुझी पोरं तिथेच शिकली ना, मग सांग, सहा कसे काढतात?

मला जेवढं माहीत ते सांगितलं. मोठा भार राज्याच्या परीक्षांचा, आणि त्या परीक्षा तिसरी, चौथी, पाचवीच्या मुलांच्या. म्हणजे केजीतल्या मुलाची आई जो आकडा बघून घर घेते, तो दुसऱ्यांच्या मुलांचा. तिचा लेक तिसरीत पोचेपर्यंत ती सगळी मिडल स्कूलला गेलेली. शिवाय मुलं शाळेत येताना काय घेऊन येतात, आई काय शिकलीय, घरी पुस्तकं किती, शिकवणी कुठली, ते सगळं त्या गुणांत आधीच बसलेलं असतं. मूल एका वर्षात किती पुढे सरकलं हा वेगळाच हिशेब. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी 2017 मध्ये दाखवलं की शिकागोतली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकत होती. आणि शिकागोच्या शाळांसाठी कुणी घर बदलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"आमचे 'हे' तर एक्सेल घेऊन बसले होते," मी म्हटलं. "शेवटी निघालं काय? आकडा आणि घरांच्या किमती हातात हात घालून चालतात. एवढ्यासाठी दोन शनिवार घालवले."

राज्याचे तारे निराळे. 2018 पासून मेरिलँड प्रत्येक शाळेला पाचपैकी तारे देतं आणि त्यात हजेरी धरतात. दहा टक्के दिवस किंवा त्याहून जास्त बुडाले की ते मूल सतत गैरहजर, मग रजा सांगून घेतलेली असो वा नसो. वर्षाचे दिवस साधारण 180, म्हणजे अठरा. आता खरं सांगते, धाकटा चौथीत असताना नाताळच्या सुट्टीला जोडून आम्ही पुण्याला लग्नाला गेलो. पंधरा दिवस तिथे बुडाले, फेब्रुवारीत तापाने आणखी तीन. शाळेच्या ताऱ्याला आमच्या घरानेच नख लावलं आणि त्याच वर्षी मी पोटलकला शाळेला नावं ठेवत होते.

"डिसेंबरात आमच्याकडेही लग्न आहे," शेजारीण बारीक आवाजात म्हणाली.

काकू मात्र हजेरीवर अडल्या. "आमच्याकडं ऊसतोडीची मुलं बीडकडनं यायची. दिवाळीनंतर पट फुगायचा, कारखाना बंद झाला की निम्मी पोरं गायब. वाचायला शिकवलेली पोरं बैलगाडीत बसून जायची. त्यांचे गुण कुठल्या शाळेच्या नावावर लिहायचे?"

यावर आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं. मी दोडके पुढे केले.

मग शेजारणीने खालच्या पट्टीत खरी गोष्ट काढली. "ताई, आपल्याकडे फार्म्सचा टक्का जास्त आहे म्हणे." काकूंना वाटलं शेतीबद्दल. फार्म्स म्हणजे जेवण फुकट किंवा कमी पैशांत मिळणारी मुलं. घरची कमाई कमी म्हणून. तो टक्का वाढला की आपली माणसं आवाज उतरवतात.

"म्हणजे कोण कोण गरीब ते मोजून ठेवतात?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडं खिचडी सगळ्यांना. सरपंचाचा नातू आणि गड्याचं पोर एकाच पंगतीत."

मला 2019 आठवलं. शाळांच्या हद्दी नव्याने आखायच्या ठरल्या. काही शाळांत मुलं मावत नव्हती, काहींत जागा रिकामी, आणि गरीब मुलं मोजक्याच शाळांत गोळा झालेली. इथे हद्दी हलतात त्या नकाशावरच्या तुकड्यांनी, त्याला म्हणतात पॉलिगॉन. त्या शरदात माणसं आडनावाऐवजी पॉलिगॉनने ओळखली जात होती. सुनावण्या रात्री उशिरापर्यंत. नोव्हेंबरमध्ये मंडळाने सुमारे 5,400 मुलांच्या शाळा बदलल्या. आमच्या ओळखीतल्या एकांनी मुद्दाम महाग घर घेतलं होतं, त्यांचा पॉलिगॉन उचलला गेला. वर्षभर ते मराठी मंडळात आले नाहीत. मुलगी नव्या शाळेत आठवड्यात रुळली, हे तिच्या आईनेच मला सांगितलं, ते मात्र दारामागे.

याच काउंटीत 1965 पर्यंत काळ्या मुलांची शाळा वेगळी होती, हॅरिएट टबमन यांच्या नावाची. इमारत अजून उभी आहे, कोलंबियात. त्या वेळी हद्दीच्या नकाशाची गरज नव्हती. 2019 च्या सुनावण्यांत 'आम्हाला फक्त चालत जाता येईल अशी शाळा हवी' म्हणणारे खूप होते, त्यातले काही खरं बोलत होते.

"आणि ते मैदानावर पत्र्याचे डबे कसले?" काकूंनी सकाळीच शाळेला चक्कर मारली होती. ते पोर्टेबल, जादा वर्ग. घरं वाढतात, शाळा मागे राहते. आता नियम आहे, प्राथमिक शाळा 105 टक्क्यांच्या वर भरली की तिथल्या नव्या घरांना थांबवून धरतात. निळ्या दाराचं घर जुनं आहे, त्याला काय! ते उद्या दुसरा कुणी घेईल आणि त्याला सहा पुरेसे वाटतील.

ऑगस्टच्या शेवटी केजीच्या मुलांना शाळा दाखवायचा दिवस होता. काकू हट्टाने गेल्या. सुनेने वर्गात आयपॅड किती ते विचारलं, काकूंनी सुनेकरवी विचारलं की बाई किती वर्षं एकाच शाळेत टिकतात आणि वाचता न येणाऱ्या मुलाला वेगळं कोण बसवतं. एक बाई सतरा वर्षं तिथेच आहेत. वाचनासाठी वेगळ्या शिक्षिका आहेत. काकूंनी नळ सोडून पाहिला, मुलांच्या मुतारीतही डोकावल्या, असं सून कपाळाला हात लावून सांगत होती.

संध्याकाळी मी कुंपणाशी गेले तेव्हा काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या. "काय मग, शेरा काय?" मी विचारलं.

"शाळा सुस्थितीत. पट जास्त, खोल्या कमी. पाणी आहे. मुख्याध्यापिका दारात उभी राहून पोरांना नावानं हाक मारते." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "घर विकायचं नाही. आणि लग्नाला पोराला सुट्टी लागल्यावरच न्यायचं."