लायसन गेलं, पावत्या आल्या

टीव्ही बघायला सरकारचं लायसन लागायचं, असं महाडच्या बाजारपेठेत कोणा पोराला सांगून बघा. हसेल. लायसन बंदुकीला लागतं, डबड्याला कशाला?

पण लागायचं. 1885 च्या तार कायद्याचा आधार होता. शेवटी शेवटी टीव्हीला वर्षाचे 50 रुपये पडत. पोस्टात जायचं, पुस्तिका पुढे सरकवायची, शिक्का मारून घ्यायचा. 1985 मध्ये हे लायसन रद्द झालं आणि जनतेने सुटकेचा निःश्वास टाकला.

जनता निःश्वास फार लवकर टाकते.

आज पोलादपुरात कुठल्याही घरी विचारा, टीव्हीला वर्षाकाठी किती जातात? उत्तर येईल, ‘रिचार्ज मारतो की.’ कितीचा? ‘असेल तसा.’ कधी? ‘संपला की.’ वर्षाचा आकडा घरात कोणालाच ठाऊक नसतो. लायसनचे 50 रुपये मात्र आजोबांना अजून पाठ आहेत.

मग आपणच मांडू हिशेब. 2019 मध्ये ‘ट्राय’ने नवी दरपद्धत आणली. हवी तीच वाहिनी घ्या, तिचेच पैसे द्या. ग्राहक राजा! मग राजाकडून आधी 130 रुपये कशाचे घेतले? तर नेटवर्क क्षमता शुल्काचे. म्हणजे दुकानाची पायरी चढल्याचे. तांदूळ-डाळ अजून घ्यायचीच आहे. वर 18 टक्के जीएसटी. महिन्याला 153 रुपये 40 पैसे, वर्षाला 1,840 रुपये 80 पैसे. आणि यात एकही सशुल्क वाहिनी नाही.

त्या 130 ला निदान कमाल मर्यादा तरी होती. जुलै 2024 मध्ये तीही उठवली. बाजारात स्पर्धा आहे, दर बाजारच ठरवील, म्हणे.

तुमचा उतरला का?

एचडीची गंमत तर औरच. त्या नेटवर्क शुल्काच्या हिशेबात एक एचडी वाहिनी दोन वाहिन्यांइतकी धरली. सासू तीच, सून तीच, भांडणही तेच. दागिने तेवढे स्पष्ट दिसतात.

एवढे पैसे मोजल्यावर जाहिराती तरी नसतील? वा! नियमानेच तासाला 12 मिनिटांची मुभा आहे.

विलायतेत लायसन अजून आहे. एप्रिल 2025 मध्ये ते वर्षाला एकशे साडेचौऱ्याहत्तर पौंड झालं, म्हणजे आपले वीस हजारांच्या घरात. चुकवलं तर कोर्टाची पायरी. पण घरातल्या सगळ्या टीव्हींना मिळून एकच, आणि तिथे बीबीसीवर जाहिराती नाहीत. तिकडे स्थायिक झालेला भाचा सुट्टीत गावी येतो आणि म्हणतो, ‘मामा, तुमच्याकडे बरंय, टीव्ही फुकट!’ मामा रिचार्ज मारता मारता मान डोलावतात.

चाकरमान्याची तर दोन घरं. मुंबईच्या खोलीत एक बॉक्स, गावच्या घरात दुसरा. गणपतीला गावचं कुलूप उघडतं, झोपलेला बॉक्स जागा करायला महिन्याचा रिचार्ज बसतो. त्यातले चार-पाच दिवस आरत्या, भजनं आणि बाल्या नाचात जातात. टीव्ही लावायला फुरसत कोणाला? उरलेला महिना उंदीर बघतात.

पावसाचं काय सांगावं. ढग दाटले की डिश ‘सिग्नल नाही’ म्हणते. वीज गेली की तेवढंही म्हणत नाही. रिचार्जचे दिवस मात्र भर पावसात न चुकता कमी होतात. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा अख्ख्या देशाने महाड टीव्हीवर पाहिलं.

महाडकर सोडून.

या रिचार्जवर उपाय आहे की! दूरदर्शनची फ्री डिश, 2004 पासून. छत्री आणि बॉक्स एकदा घ्या, महिन्याचं बिल शून्य. मग सगळे तीच का घेत नाहीत? कारण तिथे ‘सह्याद्री’ दिसतं, पण रात्रीची ती मालिका दिसेलच याची खात्री नाही. खासगी वाहिन्या तिथली जागा लिलावात घेतात. परवडेनाशी झाली की जातात. सूनबाईंनी तेवढ्यावर फ्री डिश नामंजूर केली, विषय संपला.

आणि दूरदर्शनचा खर्च कोण भागवतं? थोडंफार जाहिराती आणि लिलाव, बाकी केंद्राची तिजोरी. जुनं लायसन निदान ज्याच्या घरी टीव्ही त्याच्याकडूनच वसूल व्हायचं. आता पोलादपूरच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरचा म्हातारा साबणाची वडी घेतो, तेव्हा त्याचाही कर त्याच तिजोरीत पडतो. त्याच्याकडे डिश नाही, बॉक्स नाही, रिमोट नाही. आणि पोस्टात जाऊन ‘माझ्याकडे टीव्ही नाही’ म्हणून सांगायची सोयही आता राहिलेली नाही.