'वीकली रिॲक्टिव्ह' असता शनिवार-रविवार कसे काढावेत

यासाठी वार शनिवारच हवा. रिपोर्ट दुपारी एकला हातात पडतो, लॅबचं शटर दीडला खाली येतं आणि डॉक्टर भेटतात ते थेट सोमवारी संध्याकाळी. मधले पन्नासेक तास विनाव्यत्यय मिळतात. साहित्य बेताचं: हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या रक्ततपासणीचा कागद, मोबाइल आणि आतून नीट कडी लागणारं बाथरूम.

कागद घेताना काउंटरवरच्या मुलीला काही विचारू नये. मी विचारलं. "बाकी सगळं नॉर्मल. फक्त व्हीडीआरएल वीकली रिॲक्टिव्ह आहे," ती म्हणाली. दर आठवड्याला नेमकं काय होतं, असं मी विचारल्यावर म्हणाली, "ते वीकली नाही काका, हे वीकली. वीक म्हणजे कमजोर." मागे रांगेत पाच माणसं होती.

घरी येऊन त्यातल्या 'व्हीडी'चा अर्थ शोधावा. गुप्तरोग, आणि त्यातही सिफिलीस, म्हणजे आजोबांच्या भाषेत गरमी, हे अर्ध्या मिनिटात कळतं. मग कडी लावून, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून स्वतःची पाहणी करावी. पंचेचाळिशीच्या कातडीवर टॉर्च मारला की काही ना काही सापडतंच. नाही सापडलं तरी निराश होऊ नये. या रोगाची पहिली जखम सहसा दुखत नाही, औषधाविना तीन ते सहा आठवड्यांत भरूनही येते, रोग मात्र आत मुक्काम ठोकून राहतो. म्हणजे काहीच न दिसणं हा तर भक्कम पुरावा. इतका सोयीचा आजार काळजीखोर माणसाला शोधून सापडणार नाही.

रात्र स्मरणशक्तीसाठी राखून ठेवावी. मी 2009 सालच्या गोव्याच्या ट्रिपपर्यंत पोचलो. हॉटेलच्या चादरीचा रंगसुद्धा आठवला.

रविवारी सकाळी संशयाची दिशा बदलावी. पोहे खाताना मी बायकोकडे रोखून पाहिलं. "मीठ कमी आहे का?" तिने विचारलं. नाही म्हणालो आणि जास्तच रोखून पाहिलं. हे माझं एकट्याचं पाप नव्हे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त या रोगाचं नाव फिरंग, कारण तो फिरंग्यांनी आणला. तिकडे इटलीवाले त्याला फ्रेंच रोग म्हणत आणि फ्रेंच त्याचं खापर नेपल्सवर फोडत. मी ती परंपरा फक्त पोह्यांच्या बशीपर्यंत आणली.

या काळात काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात, नाहीतर रविवार वाया जातो. व्हीडीआरएल तपासणी जंतू शोधत नाही, रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांवरून नुसता अंदाज बांधते. ती प्रतिपिंडं गरोदरपणात, ल्युपससारख्या आजारात आणि इतरही काही कारणांनी वाढतात. म्हणून टीपीएचए ही दुसरी तपासणी केल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत. हे सोमवारपर्यंत वाचू नये. 1097 या मोफत हेल्पलाइनवर फोन करू नये. सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग असतो, तिकडेही फिरकू नये; ओळखीचं कोणी भेटलं तर? (तोही त्याच रांगेत असेल, हे सुचूच देऊ नये.)

सोमवारी डॉक्टरांनी कागद पाहिला. "एकास दोन. हं. एवढ्यात मलेरिया वगैरे झाला होता?"

झाला होता. ऑगस्टमध्ये, सहा दिवस थंडी वाजून. गोव्याची चादर आठवली होती, हे नाही.

"त्यानेही येऊ शकतं. टीपीएचए करू. तेही पॉझिटिव्ह आलं तर वहिनींनाही तपासू, आणि पेनिसिलिन आहेच. नवीन असेल तर 24 लाख युनिटचं एक इंजेक्शन. जुना असेल तर तीन, आठवड्याला एक."

"म्हणजे वीकली," मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता.