चारशे मिलिसेकंदांची घाई

संगणक तसा शंकेखोर प्राणी. रिसायकल बिन रिकामी करायला निघावं, तर ‘नक्की ना?’ म्हणून विचारतो. दोन ओळी टाइप करून उठावं, तर ‘सेव्ह करू का?’ म्हणून वाट अडवतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत मात्र तो आपल्यावर भलताच विश्वास टाकतो. तिथं आकडा बदलून ओके म्हटलं की संपलं. ‘सेव्ह’ नाही नि ‘अनडू’ही नाही.

पूर्वी प्रोग्रॅम आपापली सेटिंग्ज आपापल्या आयएनआय फायलींत ठेवायचे. विंडोज ९५ पासून हा संसार मुख्यतः रजिस्ट्रीत आला. एकत्र कुटुंबातल्या चाव्यांचा जुडगा एकीच्याच कमरेला असावा, तसं. सोय मोठी, पण जुडगा हरवला की कोठीपासून तिजोरीपर्यंत सगळंच अडलं.

अशा नाजूक जागी माणूस जातो कशाला? बहुधा अगदी क्षुल्लक कामाला. ‘मेन्यू शो डिले’ नावाची एक नोंद तिथं असते. उपमेन्यू उघडण्याआधी किती थांबायचं, ते विंडोज तिच्यात पाहतं. मूळचा आकडा ४००, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. हा विलंब सहन न होणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक ऑफिसात असतो. चहाच्या टपरीवर त्याचा तास सहज जातो, पण मेन्यूनं ताटकळत ठेवलेलं त्याला खपत नाही. तो रजिस्ट्रीत बदल करायचा रेगएडिट हा प्रोग्रॅम उघडतो. ‘अहो, आधी एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा,’ असं कुणी सुचवलं, की म्हणतो, ‘त्यात कशाला वेळ घालवायचा?’

अडचण वेळेची नसतेच. प्रत ठेवायची म्हणजे आपला हात चुकू शकतो, हे हात लावण्याआधीच मान्य करायचं. त्यातून मागं दोघं-तिघं बघत उभे असले, तर विचारूच नका!

‘विंडोज ठेवतंच की आपोआप,’ ही दुसरी श्रद्धा. रेगबॅक नावाच्या फोल्डरात ते खरंच प्रत ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून डिस्कवरची जागा वाचवायला ते थांबलं. फायली मात्र अजून दिसतात. नावं जुनीच, आकार शून्य.

प्रत ठेवणारेही काही कमी नाहीत. ‘जुनी’, ‘नवी जुनी’, ‘फायनल जुनी’ अशा नावांनी ते ती त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेवतात. संगणक उठलाच नाही, तर सुटकेची किल्ली आत नि आपण बाहेर. शिवाय एक्स्पोर्ट केलेली फाइल परत घातली, तरी जुने आकडे तेवढे परत येतात. मधे नव्यानं घुसवलेल्या नोंदी मुक्काम हलवत नाहीत. म्हणून जाणती माणसं रिस्टोअर पॉइंटही करतात आणि एक प्रत पेनड्राइव्हवर टाकतात.

एवढं केलं की मग बिनघोर चारशेचं शून्य करावं. माउस नुसता फिरला तरी उपमेन्यू अंगावर धावून येतात आणि चारशेच बरे होते, हे पटतं. हे पटल्यावर मागं फिरता येणं, हीच खरी चैन. प्रत भित्र्या माणसांसाठी असते, हा गैरसमज आहे. तिची खरी गरज उचापतखोरांना.